न पेटणाऱ्या बॅटऱ्यांचा तपास

आधी मॅडमचा उल्लेख करतो, मग काय घडलं ते सांगतो. मुलुंडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. नाव लिहीत नाही, कारण त्यांना अजून त्याच जिन्याने चढायचं-उतरायचं आहे. पण त्या नसत्या तर माझ्या हातून एका सरळ माणसाला बेडी पडली असती. माझी शाळा लवकर सुटली. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा गडचिरोलीकडून मुंबईला येताना पिशवीत दोन सदरे आणि भीती एवढंच होतं. पुढे खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक झालो, पण शिकलेली माणसं भराभर बोलायला लागली की मी बिचकायचो, ते निवृत्तीपर्यंत गेलं नाही. या बाईंनी मला कधी लहान वाटू दिलं नाही. म्हणून त्यांचा मान पहिला.

नोकरीत पुष्कळ प्रकरणं पाहिली. बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, कारण एवढा वैताग मला दुसऱ्या कुठल्याच तपासाने दिला नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, त्या सोसायटीच्या गच्चीवर आग लागली. गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता आणि टॉवरशेजारी लोखंडी कपाटात बॅटऱ्या. वीज गेली की टॉवर त्या बॅटऱ्यांवर चालतो. कपाट जळालं, पाण्याच्या टाकीचा पाईप वितळला, अग्निशमन दलाने वेळेत विझवलं. माणूस कोणी दगावला नाही.

खरी गंमत पुढे होती. त्या कपाटात मुळात न पेटणाऱ्या बॅटऱ्या होत्या! नव्या प्रकारच्या, पांढऱ्या डब्यांतल्या, आत पातळ रसायन नसलेल्या. उन्हाळ्यात कंपनीने त्या चाचणीसाठी बसवल्या होत्या. तसं पत्रक लिफ्टजवळ लावलं होतं. कंपनीचा इंजिनिअर आला, जळका सांगाडा उलटापालटा केला आणि म्हणाला, "ह्या आमच्या नाहीतच. ह्या जुन्या आहेत. आमच्या चोरीला गेल्या."

झालं. आगीच्या प्रकरणाला चोरीचं शेपूट लागलं.

आता चोरी म्हटली की फिर्यादी लागतो. मोबाईल कंपनी म्हणाली, टॉवर आमचा नाही, आम्ही भाडेकरू. टॉवरवाली कंपनी म्हणाली, टॉवर आमचा पण बॅटऱ्या आमच्या नाहीत, चाचणीच्या आहेत. बॅटरीवाल्यांचं ऑफिस बेंगळुरूला, तिथली मुलगी फोनवर गोड बोलायची आणि 'लीगलशी बोलून कळवते' म्हणायची. देखभालीचा ठेकेदार म्हणाला, मी काम पुढे दुसऱ्याला दिलंय. मी ठाणे अंमलदाराला म्हटलं, "अरे, आता टॉवरलाच बोलवून जबाब घे." तो हसला, मला हसू आलं नाही. शेवटी टॉवरवाल्यांचा एक व्यवस्थापक वैतागून सही करून गेला.

संशयित शोधायला मात्र कोणाला वेळ लागला नाही. गच्चीची आणि कपाटाची किल्ली टॉवरच्या टेक्निशियनकडे. घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहणारा, मूळचा कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसे गावाला गेले आणि तिथेच वारले. गावच्या घरी आई एकटी.

सोसायटीचे सेक्रेटरी सर्वांत आधी पोलीस ठाण्यात हजर. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. "साहेब, आम्ही सभ्य लोक. आमच्या डोक्यावर आग लागली. किल्ली ज्याच्याकडे त्याला विचारा ना, आणखी काय?"

माझे वरिष्ठही तेच म्हणाले. "किल्ली कोणाकडे? त्याच्याकडे. माल कुठून गेला? कपाटातून. मग तू कसली वाट बघतोयस? उचल आणि मोकळा हो. चतुर्थीपासून सगळं ठाणं बंदोबस्तात जाणार आहे, मला टेबलावर पेंडिंग नको."

"साहेब, दोन दिवस द्या. माल मिळू दे."

"दोन दिवस दोन दिवस करत तू रिटायर होशील."

टेक्निशियनला चौकशीला बसवला. रडणारा माणूस आणि रडण्याचं सोंग करणारा माणूस यांत फरक असतो. सोंग करणारा मध्येच तुमच्या चेहऱ्याकडे बघून घेतो. हा बघत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"कपाट उघडलंस कधी?"

"उघडायची परमिशनच नाय साहेब. नव्या बॅटऱ्या बसवल्या तेव्हा कंपनीने सांगितलं, हात लावायचा नाही, वॉरंटी जाईल. मी बाहेरून दिवे बघायचो. हिरवा आहे ना, झालं."

"किल्ली तर तुझ्याकडे आहे."

"ती किल्ली सगळ्या टॉवरला लागते साहेब. मुलुंडची भांडुपला लागते, भांडुपची साकीनाक्याला. लाईनमधल्या कोणाकडेही असते."

मी खात्री केली. खरंच लागत होती! लाखाचा माल आणि कुलूप असलं की पोस्टाच्या पेटीनेसुद्धा लाजावं.

"कॅलेंडरवर काय बघतोयस?"

तेव्हा तो मालवणीत घसरला, गावी आईने मूर्ती सांगून ठेवलेली, ती आणायला हा एकटाच. "साहेब, परवा चतुर्थी. गणपती घरात हाडूक माझ्याशिवाय दुसरो कोण नाय. आवशीन मूर्ती सांगून ठेवल्यान हा. बाकी काय ती चौकशी मागसून करा. पळान जावचंय नाय मी."

कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जाऊ न देणं म्हणजे काय, ते मुंबईत राहिलेल्याला सांगायला नको. नोकरी सोडतील, पण जातील. मलाही माझं गाव दूर, सणाला घरी न जाण्याची चव मला माहीत होती. पण त्याला सोडला आणि तो खरंच फिरकला नाही तर माझी पेन्शन कोण वाचवणार? मुंबई सोडायची नाही, रोज ठाण्यात येऊन बसायचं, अशी नोटीस त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली. घडी घालून खिशात ठेवली.

चतुर्थीला त्याच्या गावी शेजाऱ्याने मूर्ती आणली म्हणे. तो ठाण्याच्या बाकावर बसून होता.

त्याच दिवशी खबर लागली. साकीनाक्याचा माझा खबरी जुना, पण उत्साही. फोनवर कुजबुजला, "साहेब, सफेद डबे आलेत गाळ्यात. एकदम झकास माल. लवकर या, उठेल." बंदोबस्तातून दोन शिपाई मागून घेतले, त्यासाठी वरिष्ठांचे चार शब्द खाल्ले, ढोलताशांच्या गर्दीतून जीप काढत साकीनाक्याला पोचलो. गाळ्यात सफेद डबे होते खरे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची रिकामी कवचं!

"अरे, ह्या बॅटऱ्या आहेत का?"

खबरी म्हणाला, "सफेद तर आहेत ना साहेब."

त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

त्या गाळ्याचा मालक भंगारातला जुना माणूस. चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता तसला माल इथे कोणी घेणार नाही. जुन्या बॅटरीत शिसं असतं, ते वितळवतात. दुसऱ्या जातीचे सेल सुट्टे करून रिक्षाला लावतात. ही नवी जात कोणाला उघडता येत नाही, चार्जर वेगळा लागतो. चोरून करणार काय, उशाला घेणार?"

परत येताना जीपमध्ये तेवढंच डोक्यात फिरत होतं. विकता येत नाही, वापरता येत नाही, अशी वस्तू माणूस नेतो कशाला? आणि नेताना तिच्या जागी जुनी नीट बसवून कशाला जातो? चोर एवढा व्यवस्थित नसतो. चोर कपाट उघडं टाकून पळतो.

मला त्या बॅटरीचंच काही कळत नव्हतं. इंजिनिअरने सांगितलं होतं, पण निम्मं इंग्रजीत, आणि मी मान डोलावली होती. कोणाला विचारावं? आगीनंतर जबाब घेताना तिसऱ्या मजल्यावरच्या या मॅडम भेटल्या होत्या, रसायनशास्त्राच्या आहेत एवढं लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धीर करून बेल वाजवली.

"मॅडम, माझं शिक्षण कमी आहे. मला ही बॅटरी समजावून सांगाल का?"

त्या म्हणाल्या, "बसा. आमटी आणि वडी, एवढंच आहे."

"म्हणजे जी?"

"जुन्या बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये पातळ रसायन असतं. आमटी समजा. सांडते, तापली की उकळते, आणि ही आमटी पेटतेसुद्धा. नवीत त्या जागी घट्ट थर असतो. वडी. सांडत नाही, उकळत नाही, सहसा पेट घेत नाही. म्हणून गच्चीवर, लोकांच्या डोक्यावर ठेवायला ती बरी."

मी वहीत 'आमटी, वडी' असं लिहून घेतलं. त्यांनी पाहिलं, पण हसल्या नाहीत. मग विचारलं, "मग जुनी का पेटली? ती तर आधी वर्षानुवर्षं होती."

"चार्जर बदलला होता ना. तो नवीच्या मापाचा. त्यावर जुनी लावली तर ती तापत राहणार. आमटी मोठ्या आचेवर विसरल्यासारखं."

मी साकीनाक्याचं सगळं सांगितलं. विकत नाही, वापरत नाही, तरी कोणी नेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, उन्हाळ्यातल्या मीटिंगला तुम्ही हवे होतात. 'चाचणी' हा शब्द वाचून लोक पेटले होते. आपण काय उंदीर आहोत का, आपल्यावर प्रयोग करायला? जुन्या बॅटऱ्यांनी कधी त्रास दिला का? मी उठून आमटी-वडी सांगितली. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, तुमचं पुस्तकातलं ठीक आहे, गच्चीखाली झोपतो मी. त्यांचा फ्लॅट बरोब्बर त्या कपाटाखाली आहे."

"आणि जुन्या बॅटऱ्या तेव्हा कुठे होत्या?"

"गच्चीवरच. ठेकेदार नेतो नेतो म्हणाला, नेल्या कुठे!"

खाली सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीच्या आरतीची घंटा वाजली. मॅडम म्हणाल्या, "चला, प्रसाद घेऊन जा." मी बूट काढून हॉलच्या दाराशी उभा राहिलो. आरती चालू होती, गुरुजी पुढे, सेक्रेटरी सोवळं नेसून टाळ वाजवत होते. मॅडमचं लक्ष आरतीकडे नव्हतं. त्या चौरंगाकडे बघत होत्या.

आरती संपल्यावर हळूच म्हणाल्या, "दरवर्षी चौरंगाखाली प्लायवूडची घडवंची असते. एक पाय लंगडा. ताम्हन ठेवलं की बाप्पा डुलतात, आणि मुलं म्हणतात बाप्पाने मान हलवली. यंदा कोणी म्हणालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यंदा खाली दुसरं काहीतरी आहे."

चौरंगाखालच्या उंच बैठकीला चहूबाजूंनी लाल सॅटिनचं कापड होतं. मॅडम पुढे झाल्या, दुर्वा सारख्या करण्याच्या निमित्ताने वाकल्या आणि कापडाचा कोपरा वर केला. पांढरे, चौकोनी, जड डबे. एकावर एक नीट रचलेले. बाजूला कंपनीचा नंबर कोरलेला, आणि त्यावर कोणीतरी भक्तिभावाने हळदकुंकूही वाहिलेलं!

सेक्रेटरी टाळ हातात घेऊन तसेच पुढे आले.

"कापड खाली करा मॅडम," ते म्हणाले. "देवाचं आहे ते."

मी म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, देव वरचा. खालचा मुद्देमाल आहे."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! अर्धी सोसायटी पुढे सरकली. "उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नाही!" "पोलिसांना काय कळतं?" "बघतो कोण हात लावतो ते!" मी वरिष्ठांना फोन केला. ते ओरडले, "गणपतीला बोट लावलंस तर बघ! बंदोबस्ताने आधीच डोकं फिरलंय माझं. पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर उचल."

"साहेब, मग त्या टेक्निशियनचं काय?"

"तो बसू दे ना तोपर्यंत!"

बाप रे, काय हा न्याय! माणूस उचलायची घाई, माल उचलायची नाही. विसर्जनापर्यंत ते डबे तसेच सोडले असते तर नंतर काय सापडलं असतं? कापड आणि दुर्वा.

मी फोन ठेवला. तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मूर्ती हलवायला कोण सांगतंय? जागच्या जागी पंचनामा करा. डबे मोजा, नंबर उतरवा, फोटो काढा, माणूस पहाऱ्याला बसवा. उचला विसर्जनानंतर. पंच म्हणून मी सही करते."

"मॅडम, तुम्हाला इथंच राहायचंय," सेक्रेटरी म्हणाले. आवाज चढवला नाही, पण जमलेल्यांतल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पेन द्या साहेब."

दुसरा पंच कोणी होईना. सगळ्यांची नजर जमिनीकडे. शेवटी गुरुजी पुढे आले. "मी या सोसायटीचा नाही, मला कोणाची भीती? आणि देवासमोर खरं लिहायला काय हरकत आहे हो?"

मांडी घालून, मूर्तीसमोर, मोदकांचं ताट बाजूला सरकवून मी पंचनामा लिहिला. 'सदर मुद्देमालावर श्री गणेशमूर्ती प्रतिष्ठापित असल्याने तो जागेवरून न हलविता...' एक शब्द तीनदा खोडला, कारण 'प्रतिष्ठापित' कसं लिहायचं तेच आठवेना. मॅडमनी शेजारच्या कागदावर तो शब्द लिहून माझ्याकडे सरकवला. कोणाला दिसला नाही.

सेक्रेटरींना बाजूच्या ऑफिसात घेतलं. फार विचारावं लागलं नाही. शिकलेला माणूस खोटं बोलायला तयारी करून येतो, पण एकदा घसरला की सगळं सांगून टाकतो, वर पटवूनही देतो. त्यांनी साकीनाक्याचा, टॉवरच्याच लाईनमधला एक मेकॅनिक गाठला, किल्ली त्याच्याकडे होतीच, एका रविवारी दुपारी गच्चीवरच्या जुन्या बॅटऱ्या परत कपाटात बसवून घेतल्या. नव्या या ऑफिसात झाकून ठेवल्या. आग लागल्यावर पोलीस येणार म्हणून घाबरले आणि बाप्पाच्या खाली लावल्या. तिथे कोण हात घालणार!

"टाकल्या का नाहीत?"

ते दुखावले. "टाकायच्या कशा? कंपनीचा माल आहे. मागितला तर परत द्यायला नको? मी काय चोर आहे का साहेब? मी सगळ्यांच्या भल्यासाठी केलं."

"आणि तो टेक्निशियन? सणाच्या दिवशी ठाण्याच्या बाकावर बसलाय तो."

"तो निर्दोष आहे ना? मग सुटलाच असता."

मी जबाब लिहून घेतला. नोकरीत खिसेकापू बघितले, घरफोडे बघितले. आपल्या जागी दुसऱ्याला धरलं की त्यांतल्या काहींची तरी मान खाली गेलेली बघितली. या गृहस्थांची मान सरळ होती.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी सकाळी जबाब दिला. "मी त्यांना सांगितलं होतं साहेब, चार्जर बदलावा लागेल. ते म्हणाले, नको, आधीसारखंच लाव. गिऱ्हाईक बोलेल तसं."

टेक्निशियनकडे मी नोटीस परत मागितली. त्याला वाटलं, अटकच. त्याने घडी उलगडून ती टेबलावर ठेवली. म्हटलं, "जा रे, गावाला जा. गौरीबरोबर विसर्जन असतं ना तुमच्याकडे? पोचशील." तो पाया पडायला वाकला. मी त्याला धरला. "माझ्या नको पडू. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर जा आधी." तो गेला, त्यांना नमस्कार करून मगच गाडी पकडली. गौरी-गणपती विसर्जनाला नेताना त्याचा फोन आला. त्याच्यापेक्षा त्याची आईच जास्त बोलत होती आणि मला त्यातलं निम्मंच कळलं, पण ऐकत राहिलो.

विसर्जनानंतर मुद्देमाल रीतसर उचलला. एकाही डब्याला काही झालं नव्हतं. वर समया, उदबत्त्या, आरतीची निरांजनं चालू असताना तो खाली निवांत बसून होता. पुढच्या मीटिंगमध्ये सोसायटीने काय ठराव केला असेल? गच्चीवर कोणतीच बॅटरी नको! महिनाभराने त्यांचीच तक्रार आली, वीज गेली की घरात रेंज येत नाही. मी अर्ज वाचला, डोक्याला हात लावला आणि पुढे पाठवून दिला.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? मी शिकलो ते एवढंच. चोराला पकडणं सोपं, कारण तो चोर आहे हे त्याला माहीत असतं. सभ्य माणूस भ्याला की फार अवघड. त्याला आपण चुकलो असं वाटतच नाही, आणि त्याच्या भीतीची किंमत नेहमी दुसराच कोणी भरतो, ज्याच्याकडे किल्ली असते किंवा जो बाहेरगावचा असतो. म्हणून पुढे कोणी सभ्य माणूस फार घाईने बोट दाखवायला लागला की मी आधी त्याच्याच जिन्याने वर चढायचो. आणि कळत नसेल तर विचारायचं, लाजायचं नाही.

किंमत मॅडमनीही भरली. हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावत नाही. नळ गळतो म्हणून चिठ्ठी दिली की प्लंबर सगळ्या घरांत जातो, त्यांच्या घरी येत नाही. खटला अजून चालू आहे, तारखा पडत आहेत. पंच म्हणून त्यांना एक दिवस साक्षीला उभं राहावं लागणार, आणि त्या दिवशी समोरच्या बाकांवर सगळे त्यांच्याच जिन्यातले लोक असणार.

मी निवृत्त होऊन गावी आलो. इथून मुंबई फार लांब. पण मॅडमना मी फोनवर सांगून ठेवलंय आणि इथेही लिहून ठेवतो. तुमची तारीख कधीही लागो, माझी साक्ष त्या दिवशी असो वा नसो, मी आदल्या दिवशीच येईन. तुम्हाला घरून घेऊन जाईन, कोर्टाच्या त्या व्हरांड्यात तुमच्या शेजारी बसेन, आणि तुमचं नाव पुकारलं की उठून उभा राहीन. तुमचे उपकार एवढ्याने फिटायचे नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही तिथे एकट्या नसाल.